भाड्याच्या घरातील स्वयंपाकघर : खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून किंवा आयुष्यभराच्या बचतीतून दुसरे घर घ्यावे, ते भाड्याने द्यावे आणि त्या भाड्यावर महिन्याचा खर्च भागवावा, हा मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथील मध्यमवर्गीयांचा जुना बेत आहे. नव्या इमारतीतील घर आवाक्याबाहेर असल्यामुळे ही गुंतवणूक बहुधा तीस-चाळीस वर्षे जुन्या इमारतीतील सदनिकेत होते. व्यवहार ठरवताना मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, दलाली, संस्थेचे हस्तांतरण शुल्क यांचा हिशेब रुपयापर्यंत मांडला जातो. दुरुस्तीचा विषय मात्र ‘रंगकाम आणि थोडे किचनचे काम, लाखभर धरा’ अशा एका वाक्यात उरकला जातो. घर ताब्यात येते, जुन्या ओट्यावर पहिला हातोडा पडतो आणि मग त्या लाखाचे अडीच लाख कसे झाले, याचे उत्तर कोणाकडेच नसते.

अंदाज चुकण्याचे कारण भाववाढ हे क्वचितच असते. डोळ्यांना दिसते त्याचा अंदाज बांधला जातो आणि भिंतीआड, फरशीखाली दडलेल्या कामाचा बांधला जात नाही, हे खरे कारण आहे. स्वतःच्या राहत्या घरात ही चूक काही वर्षांत विसरली जाते. गुंतवणुकीच्या घरात ती थेट उत्पन्नातून वजा होते. म्हणूनच भाड्याने द्यावयाच्या घरातील स्वयंपाकघराचा खर्च कसा मोजावा, कोठे करावा आणि कोठे हात आखडता घ्यावा, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

स्वयंपाकघरच का?

घरातील इतर खोल्यांची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः गिलावा, रंग आणि फार तर फरशी. स्वयंपाकघरात मात्र पाणी, सांडपाणी, वीज आणि गॅस या चारही व्यवस्था पाच-सहा चौरस मीटरच्या जागेत एकत्र येतात. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वयंपाकघराचे किमान क्षेत्रफळ ५ चौरस मीटर आणि किमान रुंदी १.८ मीटर अपेक्षित आहे. एवढ्याशा जागेत पाथरवट, गवंडी, प्लंबर, वायरमन, सुतार आणि रंगारी असे सहा कारागीर एकामागून एक काम करतात. एकाचे काम रखडले की पुढच्या पाचांचे रखडते, आणि एकाने केलेली चूक दुसऱ्याचे काम फोडूनच दुरुस्त करावी लागते.

जुन्या घरांतील स्वयंपाकघरांची घडणही ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईत घरगुती गॅसची विक्री १९५५ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी शेगडी आणि स्टोव्ह जमिनीवर मांडून, बसून स्वयंपाक करण्याची रीत होती. पुढे गॅस घरोघरी पोचला तसा उभ्याचा ओटा आला. १९७० आणि १९८०च्या दशकांतील इमारतींत कडप्प्याचा ओटा, त्याच्या मागे हातभर उंचीच्या पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल्स, खाली मोझॅक किंवा शहाबादी फरशी आणि कोपऱ्यात भांडी घासण्याची मोरी, अशी ठरलेली रचना आढळते. विजेचे बिंदू दोन किंवा तीन, तेही मिक्सरपुरते. त्या घरात आज फ्रिज, मायक्रोवेव्ह, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, इंडक्शन शेगडी आणि कित्येकदा कपडे धुण्याचे यंत्रही स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून असलेल्या कोरड्या बाल्कनीत मावावे, अशी भाडेकरूची अपेक्षा असते. तेव्हा जुन्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण म्हणजे केवळ दर्शनी भाग बदलणे नव्हे, तर त्या काळातील व्यवस्थेवर आजचा भार पेलण्याची सोय करणे होय.

फोडण्यापूर्वीची तपासणी

खर्चाचा अंदाज टेपने नव्हे, तपासणीने सुरू होतो. ती घर खरेदी करण्यापूर्वी झाली तर उत्तम, कारण त्यात सापडलेला प्रत्येक दोष किंमत ठरवताना बोलण्याचा मुद्दा होतो. यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही.

सकाळी पाणी येण्याच्या वेळी नळ उघडून पहिले पाणी पांढऱ्या भांड्यात घ्यावे. ते तांबूस आले तर आतील जी. आय. पाइप गंजले आहेत असे समजावे. फरशी आणि भिंतीवरील टाइल्स एखाद्या नाण्याने वाजवून पाहाव्यात. पोकळ आवाज आला तर त्यांखालील माल सुटला आहे आणि त्यांवर नवी टाइल चिकटवण्याचा स्वस्त उपाय तेथे चालणार नाही. मोरीपासून दूर बादलीभर पाणी ओतून ते कोठे वाहते हे पाहावे. ते जाळीकडे न जाता भिंतीलगत साचत असेल तर उतार बिघडलेला आहे. सिंकखालील भिंतीवर बुरशी, पापुद्रे किंवा पांढरा क्षार दिसला तर सांडपाण्याचा पाइप किंवा सांधा झिरपत असतो. स्विचबोर्डावर काळसर डाग असतील तर सैल जोडणी आणि जादा भार यांची ती खूण असते. वायर अॅल्युमिनियमची आहे की तांब्याची, हेही बोर्ड उघडून पाहावे.

सर्वांत महत्त्वाची तपासणी मात्र त्या घरात होतच नाही. ती खालच्या मजल्यावरील घरात करावी लागते. शेजाऱ्याच्या परवानगीने त्यांच्या स्वयंपाकघराचे छत पाहावे. तेथे पिवळट ओल, फुगलेला रंग किंवा उघडी पडलेली सळई दिसली, तर वरच्या घरातील जलरोधक थर निकामी झाला आहे आणि त्याचा खर्च टळणारा नाही. विकणारा मालक ही गोष्ट सहसा सांगत नाही. शेजारी मात्र ती सांगण्यासाठी उत्सुक असतो.

याच वेळी संस्थेच्या कार्यालयातूनही दोन गोष्टींची चौकशी करावी. पहिली, इमारतीची संरचनात्मक तपासणी कधी झाली आणि मोठ्या दुरुस्तीसाठी वर्गणी लागणार आहे काय. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढील इमारतींची दर तीन वर्षांनी अशी तपासणी अपेक्षित आहे. दुसरी, पुनर्विकासाचा ठराव झाला आहे काय. दोन-तीन वर्षांत इमारत पाडली जाणार असेल तर तेथे मॉड्युलर स्वयंपाकघर करणे म्हणजे पैसे मलब्यात टाकणे होय.

मोजमाप आणि परिमाणे

तपासणीनंतर मोजमापाची पाळी येते. उदाहरणादाखल १० फूट लांब आणि ७ फूट रुंद, म्हणजे ७० चौरस फुटांचे स्वयंपाकघर घेऊ. लांब भिंतीला आणि खिडकीच्या आखूड भिंतीला लागून इंग्रजी ‘एल’ आकाराचा, दोन फूट रुंदीचा ओटा करावयाचा आहे.

ओट्याची लांबी मोजताना कोपरा दोनदा धरला जातो, ही नेहमीची चूक आहे. लांब बाजू १० फूट आणि आखूड बाजू कोपऱ्यातील २ फूट वगळून ५ फूट, असा ओटा १५ रनिंग फूट होतो, १७ नव्हे. त्याचे क्षेत्रफळ ३० चौरस फूट. पुढील कडेची लांबी १३ फूट असून तिला चार इंच पट्टी धरल्यास आणखी सव्वाचार चौरस फूट लागतात. कापण्यातील घट १० टक्के धरली की ग्रॅनाइट साधारण ३८ चौरस फूट होते.

ओटा जमिनीपासून ३३ इंचांवर असेल आणि भिंतीवरील टाइल्स सात फुटांपर्यंत न्यावयाच्या असतील, तर टाइल्सची उंची सव्वाचार फूट आणि लांबी १७ फूट, म्हणजे सुमारे ७२ चौरस फूट. त्यांतून तीन फूट बाय तीन फूट खिडकीचे ९ चौरस फूट वजा केले की ६३ उरतात. घटीसह ७०. फरशी ७० चौरस फूट, घटीसह ७७. म्हणजे टाइल्सची खरेदी १४७ चौरस फुटांची आणि बसवण्याची मजुरी १३३ चौरस फुटांची. खरेदी घटीसह आणि मजुरी प्रत्यक्ष क्षेत्रफळावर, हा भेद दरपत्रकात स्पष्ट नसेल तर मजुरीही घटीवर लावली जाते.

जलरोधक थर फक्त जमिनीवर देऊन भागत नाही. तो चारही भिंतींवर किमान फूटभर चढवावा लागतो. ३४ फूट परिघाच्या खोलीत ७० अधिक ३४, असे १०४ चौरस फूट काम होते.

ज्याची मोजदाद कोणी करत नाही अशी वस्तू म्हणजे मलबा. फरशी आणि तिच्याखालील माल तीन इंच जाडीचा धरला तर साडेसतरा घनफूट, भिंतीवरील टाइल्सचा दीड इंच जाडीने आठ घनफूट आणि जुना ओटा, त्याचे उभे कडप्पे व मोरीचा कठडा यांचे बारा घनफूट, मिळून साडेसदतीस घनफूट. फोडल्यावर हा माल फुगून दीडपट होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत उचलता येईल इतकाच, म्हणजे घनफूटभर मलबा भरला तरी ५५ ते ६० गोण्या होतात आणि वजन दोन टनांच्या आसपास जाते. उद्वाहन नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून साठ गोण्या खाली आणणे, त्या टेम्पोने नेऊन अधिकृत ठिकाणी टाकणे आणि तेवढाच नवा माल वर चढवणे, हा खर्च ‘किरकोळ’ या सदरात बसत नाही.

नमुना अंदाजपत्रक

याच स्वयंपाकघराचे नमुना अंदाजपत्रक पुढे दिले आहे. त्यातील परिमाणे वरीलप्रमाणे आहेत. दर मात्र केवळ रीत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत. शहर, मजला आणि मालाचा दर्जा यांनुसार ते बदलतात. वाचकांनी आपल्या भागातील दर घालून हीच मांडणी वापरावी.

१) तोडफोड आणि मलब्याची वाहतूक : १८,००० रुपये
२) पाण्याचे व सांडपाण्याचे नवे पाइप, नहाणी ट्रॅप : २२,००० रुपये
३) जलरोधक थर, १०४ चौ. फूट, दर ११० : ११,४४० रुपये
४) टाइल्स १४७ चौ. फूट, दर ६५, आणि बसवणे १३३ चौ. फूट, दर ७५ : १९,५३० रुपये
५) ग्रॅनाइट ३८ चौ. फूट, दर २२०, आणि ओट्याचे काम १५ रनिंग फूट, दर ७०० : १८,८६० रुपये
६) सिंक, नळ आणि जोडण्या : १२,००० रुपये
७) वायरिंग, नवे बिंदू, सुरक्षा स्विच : १६,००० रुपये
८) ओट्याखालील दारे आणि ट्रॉल्या, ३० चौ. फूट, दर १,५०० : ४५,००० रुपये
९) गिलावा दुरुस्ती आणि रंग : १०,००० रुपये
१०) एक्झॉस्ट पंखा, खिडकीची जाळी : ५,००० रुपये
एकूण : १,७७,८३० रुपये

कंत्राटदार सांगतो तो आकडा येथे संपतो. मालकाचा हिशेब येथून पुढे सुरू होतो. कंत्राटदार नोंदणीकृत असेल तर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे सुमारे ३२,००० रुपये. फोडल्यावर निघणाऱ्या अनपेक्षित कामासाठी मूळ रकमेच्या १५ टक्के, म्हणजे सुमारे २६,७०० रुपये. आणि काम चालू असताना घर रिकामे राहते त्या काळाचे भाडे. महिना २० हजार भाडे धरले आणि काम दीड महिना चालले, तर ३० हजार रुपये. सर्व मिळून रक्कम सुमारे २ लाख ६६ हजार होते, म्हणजे सांगितलेल्या आकड्याच्या दीडपट. मालकाने बँकेत बाजूला ठेवायची रक्कम ही आहे.

या यादीकडे आणखी एका नजरेने पाहता येते. तोडफोड, पाइप, जलरोधक थर आणि वायरिंग या चार बाबींचे मिळून ६७,४४० रुपये होतात, म्हणजे मूळ अंदाजाच्या सुमारे ३८ टक्के. यांतले काहीही घर पाहायला आलेल्या भाडेकरूला दिसत नाही, छायाचित्रातही येत नाही. म्हणूनच काटकसर करताना पहिली कात्री येथेच चालवली जाते आणि तीच सर्वांत महाग पडते. टाइल्सखालचा गंजका पाइप तसाच ठेवून वर नवी टाइल लावली, तर दोन वर्षांनी तो पाइप बदलताना नवी टाइलही फोडावी लागते. शिवाय तेव्हा त्या घरात भाडेकरू राहत असतो.

दरपत्रक कसे वाचावे?

किमान तीन दरपत्रके घ्यावीत, हे सर्वांनाच ठाऊक असते. पण तिघांनाही एकच कामाची यादी दिली नसेल, तर त्यांची तुलना निरर्थक ठरते. एकाने मलबा धरलेला असतो, दुसऱ्याने नसतो. एकाचा दर मालासह, दुसऱ्याचा केवळ मजुरीचा. म्हणून वरीलप्रमाणे परिमाणांसह यादी मालकानेच करावी आणि दर तेवढे कंत्राटदाराकडून भरून घ्यावेत. ‘किचनचे काम, ठोक रक्कम’ असे लिहिलेले दरपत्रक हे दरपत्रकच नव्हे.

मालाचे वर्णनही शब्दांत लिहून घ्यावे. ‘वॉटरप्रूफ प्लाय’ या शब्दाला बाजारात नेमका अर्थ नाही. सिंकखाली वापरावयाच्या प्लायवर मरीन प्लायसाठी असलेल्या आयएस ७१० या मानकाचा शिक्का पाहावा. साध्या कपाटांना आयएस ३०३ मानकाचा प्लाय पुरतो. ग्रॅनाइटची जाडी, पाइपचा प्रकार, वायरची जाडी आणि सिंकचे माप यांचा उल्लेख नसेल तर कामाच्या वेळी स्वस्तातला माल येतो आणि वादाला तोंड फुटते.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. सुरुवातीला माल आणण्यापुरती उचल, पाइप व जलरोधक थर पूर्ण झाल्यावर दुसरा हप्ता, ओटा व टाइल्स झाल्यावर तिसरा, आणि पाच ते दहा टक्के रक्कम काम संपल्यानंतर महिनाभराने. दुसरा हप्ता देण्यापूर्वी दोन परीक्षा न चुकता घ्याव्यात. नवे पाइप भिंतीत बुजवण्यापूर्वी त्यांत पाणी भरून, हातपंपाने दाब देऊन सांधे तपासावेत. आणि जलरोधक थरावर किमान २४ तास पाणी साठवून ठेवून खालच्या घराचे छत पाहावे. भिंतीत पाइप व वायर कोठून गेले आहेत याची टेप लावून छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे भिंतीत खिळा ठोकताना त्यांचा उपयोग होतो.

कोठे खर्च करावा, कोठे आखडावा?

राहत्या घरात आवड महत्त्वाची. भाड्याच्या घरात टिकाऊपणा आणि सहज दुरुस्ती. हे एकदा मान्य केले की बहुतेक निर्णय सोपे होतात.

ओटा ग्रॅनाइटचाच करावा. कडप्पा हा मूळचा चुनखडीचा दगड असल्याने लिंबू, चिंच, आमसूल यांच्या आंबटपणाने त्यावर डाग पडतात आणि झिलई जाते. ग्रॅनाइटला तो त्रास नसतो. गडद रंगाचा ग्रॅनाइट हळदीचे आणि तेलाचे डाग झाकतो. ओट्याखाली मात्र कडप्प्याचेच उभे कप्पे ठेवून त्यांना फक्त दारे लावली, तर लाकडी सांगाड्याचा खर्च वाचतो आणि वाळवी व ओल यांचे भयही राहत नाही. तारेच्या ट्रॉल्या दोन किंवा तीन पुरेत. प्रत्येक कप्प्यात ट्रॉली बसवली तर भाडेकरू बदलताना त्यांची चाके आणि पट्ट्या बदलण्याचे काम दरवेळी निघते.

विजेच्या कामात काटकसर करू नये. फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन यांसाठी १६ अँपिअरचे वेगळे बिंदू, त्यांना पुरेशा जाडीची तांब्याची वायर आणि ३० मिलीअँपिअरचा गळतीरोधक स्विच असावा. ओल्या हाताने यंत्रे हाताळली जाणारी ही खोली आहे आणि राहणारे लोक अनोळखी आहेत, हे विसरता कामा नये.

चिमणीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. फोडणी आणि तळण यांचा धूर बाहेर टाकण्यास खिडकीतील चांगला एक्झॉस्ट पंखा पुरतो. चिमणीची साफसफाई भाडेकरू करतोच असे नाही. तिच्यासाठी १६ अँपिअरचा बिंदू आणि भिंतीत भोक मात्र तयार ठेवावे. माळ्यावरील पाण्याच्या टाकीचाही विचार करावा. दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो वजन माळ्यावर पडते. जुन्या माळ्याच्या काँक्रीटला तडे असतील तर टाकी तेथे नको.

स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधील भिंत काढून ‘ओपन किचन’ करण्याचा मोह टाळावा. भिंत काढण्यास संरचना अभियंत्याचा सल्ला आणि परवानगी लागते. स्वयंपाकघराची जागा बदलून ते खालच्या घरातील शयनगृहाच्या डोक्यावर आणणे तर गळतीच्या वादाला आमंत्रणच. पाइपने येणाऱ्या गॅसची वाहिनी हलवायची असेल तर ते काम गॅस कंपनीकडूनच करून घ्यावे. त्यासाठी लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा.

संस्था, शेजारी आणि करार

काम सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या समितीला कामाचे स्वरूप, कालावधी आणि कंत्राटदाराचे नाव लेखी कळवून परवानगी घ्यावी. अनेक संस्था अनामत रक्कम घेतात, तोडफोडीच्या वेळा ठरवून देतात आणि मलबा जिन्यात ठेवण्यास मनाई करतात. आदर्श उपविधीनुसार सामाईक पाइपांची आणि पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेकडे असते. घराच्या आतील कामाचा खर्च सभासदाचा. त्यामुळे आपल्या मोरीतून खालच्या घरात पाणी झिरपत असेल तर संस्थेच्या दुरुस्ती निधीकडे बोट दाखवता येत नाही. बाहेरील उभा सांडपाण्याचा पाइप खराब असेल तर मात्र आतील काम सुरू होण्यापूर्वीच संस्थेला लेखी कळवावे, कारण नवा आतील पाइप जुन्या सडलेल्या पाइपला जोडून काहीच साधत नाही.

काम झाल्यावर घर भाड्याने देताना करार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. या करारालाच स्वयंपाकघरातील वस्तूंची यादी आणि छायाचित्रे जोडावीत. नळाचा वॉशर, ट्रॉलीचे चाक, चोकअप यांसारखी किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने आणि भिंतीआडच्या पाइप व वायरची मालकाने करावी, असे स्पष्ट लिहिले म्हणजे अनामत परत करताना कटुता येत नाही.

खर्च केव्हा भरून येतो?

आता मूळ प्रश्न. वरील उदाहरणात २ लाख ६६ हजार रुपये खर्चून भाडे २० हजारांवरून २३ हजार झाले असे समजू. वर्षातून एक महिना घर रिकामे धरले तर वाढीव उत्पन्न ३३ हजार होते. खर्च भरून यायला आठ वर्षे लागतात. केवळ भाडेवाढीकडे पाहून केलेले संपूर्ण नूतनीकरण, याचा अर्थ, फारसे फायद्याचे नाही. त्यातून घर रिकामे असताना देखभाल खर्च आणि मालमत्ता कर चालूच असतात. घर भाड्याने दिल्यावर संस्था सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क आकारू शकते, तेही धरावे लागते.

पण हिशेबाला दुसरी बाजूही आहे. गळके, अंधारे स्वयंपाकघर पाहून कुटुंबे परत जातात. ते घर वर्षात तीन महिने रिकामे राहिले तर ६० हजार रुपये बुडतात. नूतनीकरणाने हा काळ एका महिन्यावर आला तर ४० हजार वाचतात आणि वाढीव भाडे धरून खर्च चार वर्षांच्या आत वसूल होतो. तेव्हा ‘भाडे किती वाढेल’ यापेक्षा ‘घर किती काळ रिकामे राहणार नाही’ हा प्रश्न अधिक मोलाचा. त्याचे उत्तर परिसरातील दोन-तीन दलालांकडे आणि इमारतीतील इतर भाडेकरूंकडे मिळते.

प्राप्तिकराची बाजूही लक्षात घ्यावी. घरभाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा केल्यानंतर उरणाऱ्या रकमेच्या ३० टक्के ठरावीक वजावट मिळते. दुरुस्तीवर प्रत्यक्षात २० हजार खर्च झाले की २ लाख, यावर ती अवलंबून नसते. म्हणजे डागडुजीचा खर्च वेगळा दाखवून कर वाचत नाही. घराच्या मूल्यात कायमची भर घालणारी सुधारणा असेल तर तिचा खर्च घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात धरता येतो. त्यासाठी पावत्या, दरपत्रके आणि बँकेतून केलेल्या भरण्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात. रोखीने आणि पावतीविना केलेले काम आज थोडे स्वस्त वाटते. विक्रीच्या दिवशी त्याचा पुरावा उरत नाही.

एकंदरीत, खरेदीपूर्वी खालच्या घराचे छत पाहावे, परिमाणांची यादी स्वतः करावी, सांगितलेल्या आकड्याची दीडपट बाजूला ठेवावी आणि पैसा आधी पाइप, जलरोधक थर व वायरिंग यांवर, मग ओट्यावर आणि उरला तर दारांच्या रंगावर खर्च करावा. तेवढी रक्कम हाती नसेल तर काम वर्षभर पुढे ढकलून, घर आहे त्या स्थितीत कमी भाड्याने देणे अधिक शहाणपणाचे. मात्र गळती आणि सदोष वायरिंग या दोन गोष्टी त्याला अपवाद आहेत. त्यांची दुरुस्ती झाल्याखेरीज घराची किल्ली भाडेकरूच्या हाती देऊ नये.